पोराला अडवणारा बाप

लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातलं एक लहानसं घर. सतरा वर्षांच्या ट्रे स्टाइल्सने बापाचं पिस्तूल काढलं आहे. त्याच्या जिवलग मित्राला, रिकीला, भर दिवसा गल्लीत गोळ्या घालून मारलं आहे आणि ट्रेला बदला घ्यायचा आहे. दारात त्याचा बाप फ्युरियस उभा आहे. तो पोराच्या अंगावर हात टाकत नाही, त्याच्याशी बोलत राहतो, आणि पोरगा शेवटी पिस्तूल त्याच्या हातात देतो. थोड्या वेळाने तोच पोरगा खिडकीतून उडी मारून मित्रांच्या गाडीत जाऊन बसतो. पण गाडी मारेकऱ्यांच्या शोधात फिरत असताना त्याच्या मनात काहीतरी हलतं, ‘मला उतरवा’ म्हणतो आणि घरी परततो. बाप जागा आहे. दोघे एकमेकांकडे बघतात आणि एक शब्दही न बोलता आपापल्या खोलीत जातात.

‘बॉइझ एन द हूड’ या १९९१ सालच्या अमेरिकी सिनेमाचा हा गाभा आहे. दिग्दर्शक जॉन सिंगलटन तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता आणि हा त्याचा पहिलाच सिनेमा. कान महोत्सवात तो दाखवला गेला. ऑस्करसाठी सिंगलटनला पटकथा आणि दिग्दर्शन अशी दोन नामांकनं मिळाली. दिग्दर्शनाचं नामांकन मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय, आणि तोवरचा सगळ्यात तरुण दिग्दर्शक. सिंगलटनचे आईवडील वेगळे राहत होते. आळीपाळीने दोघांच्या घरी तो वाढला आणि तेच त्याने कथेत घातलं. १९८४ साली दहा वर्षांच्या ट्रेला त्याची आई बापाकडे आणून सोडते. पोराला पुरुष कसं व्हायचं ते मी शिकवू शकणार नाही, ते तूच शिकव, असं तिचं म्हणणं असतं. समोरच्या घरात रिकी आणि डोबॉय हे दोघे सावत्र भाऊ आईजवळ राहतात. दोघांचे बाप वेगळे, आणि दोघांचेही घरात नाहीत. सात वर्षांनी रिकीला फुटबॉलच्या जोरावर कॉलेजात जाण्याची आशा आहे, डोबॉय तुरुंगाच्या वाऱ्या करून आला आहे. रिकीचा खून होतो त्याच दिवशी त्याच्या परीक्षेचा निकाल घरी येतो. हवे होते सातशे गुण, मिळाले सातशे दहा. डोबॉय भावाच्या मारेकऱ्यांना गोळ्या घालतो आणि दोन आठवड्यांनी तोही मारला जातो. ट्रे वाचतो आणि अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात जातो.

आता फ्युरियसकडे नीट बघा. बाप झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पोरगा राहायला आला त्याच दिवशी तो त्याला अंगण झाडायला लावतो आणि घरातली कामं नेमून देतो. मासे धरायला नेतो आणि तिथे जबाबदारीवर बोलतो. हे सगळं त्याला जमतं याला एक कारण आहे, आणि सिनेमा ते फार ठळक करत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. फ्युरियसकडे स्वतःचा धंदा आहे. घरांसाठी कर्ज मिळवून देण्याचं त्याचं लहानसं ऑफिस आहे. संध्याकाळी तो घरी असतो. त्याच्या बोलण्याला वजन आहे, कारण त्याच्या हाताला काम आहे.

त्या वस्तीत हे भाग्य फार थोड्या बापांच्या वाट्याला आलं होतं. शेजारच्या साउथ गेटमध्ये फायरस्टोनचा टायरचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना १९८२ मध्ये. शिक्षण कमी असलेल्या माणसालाही घर चालवता येईल असा पगार देणारी ही कामं होती. ती गेली आणि मागोमाग क्रॅक कोकेनचा धंदा आला. पोरांना पैसे मिळवायचा दुसरा रस्ता दिसला.

१९८२ हे साल आपल्याकडे मुंबईत गेलेल्या कोणत्याही जुन्या माणसाला सांगावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ या दिवशी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही.

मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट कोयनानगरात बसून सांगण्यात मला काही वावगं वाटत नाही, कारण त्या गोष्टीचं एक टोक इथेच आहे. देशमुखवाडीजवळ कोयना अडवून १०३ मीटर उंचीचं धरण बांधायला १९५४ मध्ये सुरुवात झाली. शिवसागर जलाशयात खोऱ्यातली गावं बुडाली. सह्याद्री पोखरून पाणी पलीकडे चिपळूणच्या अंगाला सोडलं आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरातून १९६२ पासून वीज निघू लागली. ती मुख्यतः मुंबई-पुण्याच्या उद्योगांसाठी होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत भूकंप झाला, जवळपास १८० माणसं दगावली, इथली वीजनिर्मिती थांबली आणि त्याची झळ थेट मुंबईतल्या कारखान्यांना लागली. दोन ठिकाणं एकमेकांत किती गुंतली होती हे त्या दिवशी दिसलं.

तारांतून वीज गेली, तशी एसटीतून माणसं गेली. खरं तर माणसं विजेच्या कितीतरी आधीपासून जात होती. पाटण, जावळी, शिराळा, वाळवा या तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर नाचणी-वरीशिवाय फारसं पिकत नसे, आणि घरटी एक गडी मुंबईला असायचाच. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९३१ साली, अकरा वर्षांचे असताना, वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला पोहोचले, पुढे तिथल्या गिरण्यांत राबले. धरणाने या जुन्या वाटेवर नवी माणसं आणून सोडली. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा झाला १९७६ मध्ये, कोयनेची माणसं त्याच्या कितीतरी आधी उठली होती. कुणी सांगली-सोलापूरकडे गेलं, कुणी ठाणे-रायगडात, आणि त्यांतल्या अनेकांची पर्यायी जमिनीची मागणी पुढच्या पिढीनेही लढवली. जमीन गेलेल्या घरातला तरण्या वयाचा माणूस दुसरीकडे कुठे जाणार? मुंबईलाच गेला.

मुंबईला गेलेला हा बाप कसा राहायचा? परळ, लालबाग, वरळी, ना. म. जोशी मार्ग या पट्ट्यात गावोगावचे गाळे होते. एका खोलीत पंधरा-वीस गडी, भिंतीला टांगलेल्या ट्रंका आणि पाळीपाळीने झोप. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन पडायचा तो दिवसपाळीवाल्याने मोकळ्या केलेल्या जागेवर. जेवण खानावळीत. महिन्याकाठी गावाला मनिऑर्डर. शिमगा-गणपतीला, गावच्या जत्रेला, नाहीतर पेरणीच्या दिवसांत तो घरी यायचा. खोऱ्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी बाप पाहिला तो असा: पोस्टमनच्या हातच्या पैशांतून आणि वर्षातल्या पंधरा-वीस दिवसांतून. मुंबईत असलेल्या बापाचा धाक घरात मोठा असे, पण त्याच्याशी बोलायची सवय मात्र पोरांना नसे.

पुढच्या पिढीत थोडं स्थैर्य आलं. कामगार कायम झाला, चाळीत दहा बाय बाराची खोली मिळाली, बायको-पोरं मुंबईला आली. बाप पहिल्यांदा रोज घरी दिसू लागला. आणि तेव्हाच संप आला.

महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ हा २०१० सालचा सिनेमा याच घरात शिरतो. हिंदीत तो ‘सिटी ऑफ गोल्ड’ नावाने आला. मूळ नाटक जयंत पवारांचं ‘अधांतर’, १९९७ सालचं. पवार स्वतः गिरणगावात वाढलेले. लालबाग-परळच्या गल्ल्यांचा वास त्यांच्या ओळीओळीत आहे. पुढे २०१२ मध्ये त्यांच्या कथासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये ते गेले. सिनेमात धुरी कुटुंब आहे. अण्णा हा गिरणी कामगार (शशांक शेंडे), आई (सीमा बिस्वास), लेखक होऊ पाहणारा मोठा मुलगा बाबा (अंकुश चौधरी), त्याचे भाऊ मोहन आणि नरू, बहीण मंजू. संप लांबत जातो तसा घरातला एकेक जण घरापासून सुटत जातो. नरू टोळीत जातो. सिद्धार्थ जाधवने रंगवलेला अडखळत बोलणारा ‘स्पीडब्रेकर’ हा त्याचा जोडीदार, आणि त्याच्या मागे त्याच्याहूनही लहान, मिसरूड न फुटलेली पोरं आहेत. बंदूक हातात आली की पोरांना आपण पहिल्यांदा कुणीतरी झालो असं वाटतं. डोबॉय आणि स्पीडब्रेकर एकमेकांना भेटले असते तर एकमेकांची भाषा न कळताही त्यांचं जमलं असतं.

दोन्ही सिनेमे पोरांच्या वयात येण्याचे आहेत आणि दोन्हींत हिंसा गल्लीतूनच येते. फरक बापात आहे. फ्युरियस दारात उभा राहून पोराला अडवतो. अण्णा घरात असूनही अडवू शकत नाही. त्याचं प्रेम कमी आहे म्हणून नाही. ज्या पगाराच्या, ज्या भोंग्याच्या जोरावर तो घरात बोलायचा, तो पगार आणि तो भोंगा दोन्ही गेले आहेत. कालपर्यंत पाळी संपवून येणारा माणूस आज दिवसभर खोलीत बसून असतो आणि बायको लोकांचे डबे करून नाहीतर भांडी घासून घर चालवते. दहा बाय बाराच्या खोलीत बसून राहिलेला बाप पोराला काय सांगणार? ‘कामाला जा’ हे तोंडातून निघायच्या आत पोराच्या डोळ्यांत उत्तर तयार असतं.

आपल्या सिनेमात वाट चुकलेल्या पोरासमोर उभी राहते ती आई, आणि मला वाटतं त्याचं कारण इथे आहे. ‘मदर इंडिया’ने १९५७ मध्ये हा रस्ता घालून दिला, तिथे आईच मुलावर गोळी झाडते. १९७५ च्या ‘दीवार’मध्ये बाप खाणकामगारांचा पुढारी असतो. मालक त्याच्या बायकापोरांच्या जिवाची धमकी देऊन त्याच्याकडून करार सही करून घेतो, कामगार त्याला गद्दार म्हणतात आणि तो गाव सोडून पळतो. मुंबईत गोदीत काम करणारा त्याचा मुलगा विजय पुढे तस्कर होतो, आणि त्याला जाब विचारते आई. मांजरेकरांच्याच १९९९ सालच्या ‘वास्तव’मध्ये रघूचा बाप शिवाजी साटम आहे, संसारी आणि सरळ. पण शेवटी पिस्तूल उचलते ती आई, रीमा लागू. बापांना पटकथाकार उगाच बाजूला ठेवत नाहीत. हे बाप कामाच्या ठिकाणी आधीच हरलेले असतात, आणि ते हरणं घरात येऊन बसलेलं असतं.

गिरणगावाने एक बाप असाही पाहिला, ज्याच्यावर सिनेमा निघायला हवा होता. गंगाराम सुर्वे हा गिरणी कामगार. रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं मूल त्याने उचलून घरी आणलं, पत्नी काशीबाईंनी ते वाढवलं, आणि शाळेत घालताना बापाच्या जागी गंगारामने स्वतःचं नाव दिलं. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. पोटच्या नसलेल्या पोराचा बाप होणारा हा माणूस नोकरी संपल्यावर मुंबईत राहू शकला नाही, कोकणात गावी परत गेला. जाताना दहा रुपये हातावर ठेवून गेला, असं सुर्व्यांच्या चरित्रात येतं. पोरगा तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षांचा होता. गिरणीतली नोकरी संपली की मुंबईतला बापही संपायचा, हे संपाच्या साधारण पंचेचाळीस वर्षं आधीचं चित्र आहे.

संपात तेच अडीच लाख घरांना एकदम भोगावं लागलं. पहिले काही महिने खोऱ्यांनी मुंबईला तारलं, हे विसरता कामा नये. हजारो कामगार गावी परतले, शेतात राबले, आणि सातारा-सांगली-कोल्हापूर-कोकणातून धान्याची पोती मुंबईला गेली. संप एवढा टिकला तो गावच्या पोत्यांवर. पण ज्यांची जमीन धरणाच्या पाण्याखाली होती आणि बदल्यात नीट काही मिळालं नव्हतं, त्यांना परतायला शेतच नव्हतं. घरचे दागिने, मग भांडी, मग खोलीची पागडी, या क्रमाने संसार उतरत गेला. पोरांची शाळा सुटली. वस्तीत व्यायामशाळा होत्या, मंडळं होती, अंगात रग होती आणि दिवस मोकळा होता. टोळ्यांना हीच पोरं हवी होती. सुरुवातीला निरोप पोहोचवणं, मग वसुली, मग हत्यार. गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव येणार हे दिसू लागलं तसा टोळ्यांचा कारभारही जमिनीकडे वळला. खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा ७ मे १९९४ रोजी महालक्ष्मीला भर रस्त्यात खून झाला. दत्ता सामंतांना १६ जानेवारी १९९७ रोजी गोळ्या घातल्या गेल्या. कामगारांच्या पोरांच्या हातातली बंदूक पुढे कुणाच्या फायद्यासाठी चालली, हा प्रश्न ‘लालबाग परळ’ विचारतो. तो ऐकायला बरा वाटत नाही, म्हणूनच तो मला त्या सिनेमातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

याच खोऱ्यातून गेलेल्या बापांचं सगळीकडे असंच झालं असं मात्र नाही. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील मुंबईच्या गोदी आणि बाजारपेठांत ओझी वाहणाऱ्यांमधून पुढे आले. हमालाला मालक नव्हता. आज काम मिळालं तर पैसे, नाहीतर उपाशी, पाठ मोडली तर घरी. अण्णासाहेबांनी वर्षानुवर्षं संघटना बांधली, लढे दिले, तुरुंगवास भोगला आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. हमालांची टोळी आणि व्यापारी दोघांचीही नोंदणी एका मंडळाकडे होते. त्या मंडळावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी असतात. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो, वर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी होतं. म्हणजे कायमचा मालक नसलेल्या माणसालाही कायम कामगाराची पत मिळाली. बाजार पुढे नवी मुंबईला हलले तेव्हा कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींच्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. बाप संध्याकाळी घरी येऊ लागला. सातारा जिल्ह्यातल्या कित्येक घरांतली पोरं बापाच्या देखत शिकली ती या कायद्यामुळे, असं मी निःसंकोच म्हणेन.

फ्युरियस स्टाइल्सचं भाषण प्रसिद्ध आहे आणि माथाडी मंडळाची लेव्ही कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. पण पोराला अडवण्याची ताकद बापाच्या अंगी कुठून येते याचं उत्तर मला त्या लेव्हीत जास्त सापडतं. चांगला बाप हा स्वभावाचाच प्रश्न असता, तर साउथ गेटचा कारखाना आणि लालबागची गिरणी बंद पडल्यावर एकाच वेळी इतके बाप कसे गप्प झाले असते?

सिंगलटनच्या सिनेमावर माझा एक आक्षेप आहे आणि तो त्या काळच्या स्त्रीवादी समीक्षकांनीही घेतला होता. एकटीने पोरं वाढवणारी आई त्या सिनेमात अपुरीच पडते. रिकी-डोबॉयची आई ब्रेंडा एका मुलावर जीव टाकते आणि दुसऱ्याला हिडीसफिडीस करते. गल्लीत तान्ह्या लेकराला सोडून नशेमागे धावणारी बाई आहे. ट्रेची आई शिकलेली, कर्तबगार, पण तीही मुलगा बापाच्या हवाली करूनच मोकळी होते. पुरुष घडवायला पुरुषच लागतो, हे त्यातलं सूत्र मला पटत नाही. ज्या खोऱ्यातले बाप तीस-तीस वर्षं मुंबईला होते, त्या खोऱ्यातल्या बायकांनी शेत, गुरं, सासू-सासरे आणि चार-पाच पोरं एकटीने सांभाळली. रात्री-बेरात्री भूकंपाचे धक्के बसले तेव्हा पोरांना कवटाळून अंगणात बसलेल्या त्याच होत्या. या खोऱ्यातून शिक्षक, फौजी, इंजिनिअर, कंडक्टर झालेल्या पोरांना पुरुष व्हायला कुणी शिकवलं, हे सिंगलटनने येऊन विचारलं असतं तर त्याची पटकथा थोडी बदलली असती. ‘लालबाग परळ’मधली सीमा बिस्वासची आई या बायकांच्या जास्त जवळची आहे. ती चिडते, कोसळते, पुन्हा चूल पेटवते. तिच्या तोंडी उपदेशाची भाषणं नाहीत.

फ्युरियसचं एक बोलणं मात्र गिरणगावासाठीच लिहिलंय असं वाटतं. तो ट्रे आणि रिकीला कॉम्प्टन भागात नेतो आणि घरं रोख पैशात विकत घेऊ असं सांगणाऱ्या जाहिरातीच्या फलकासमोर उभं करतो. वस्तीत दारू आणि बंदुका मुबलक, पोरं एकमेकांना मारतात, घरांच्या किमती पडतात, बाहेरचे लोक स्वस्तात जागा घेतात, जुन्या रहिवाशांना हलवतात आणि मग त्याच जागेचा भाव चढतो, असं तो समजावून सांगतो. पोरांच्या हिंसेमागे जमिनीचा हिशेब असतो हे एवढ्या सोप्या शब्दांत सांगणारा प्रसंग दुसऱ्या कुठल्या सिनेमात मी पाहिलेला नाही.

मुंबईत गिरण्यांची जमीन होती सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीची जमीन विकायची तर तिचे तीन वाटे करायला सांगितलं: एक मालकाला, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी. २००१ मध्ये नियम बदलला. तीन वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे ठरले, इमारती उभ्या असलेली जमीन हिशेबातून गेली, आणि घरांसाठी मिळणारा वाटा अगदी चिंचोळा झाला. गिरण्यांच्या जागी मॉल आणि उंच मनोरे उभे राहिले. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, संपाला तीस वर्षं झाल्यावर. घरांसाठी अर्ज आहेत पावणेदोन लाखांच्या घरात. आता शेलू आणि वांगणीला, म्हणजे मुंबईपासून लोकलने दीड-दोन तासांवर, घरं देण्याचा प्रस्ताव पुढे आहे आणि कामगारांच्या संघटना मुंबईतच घर मागत आहेत. बहुतेक अर्जदार आता वारस आहेत. सातारा-सांगलीच्या गावांतून कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन ते मुंबईच्या बैठकांना जातात: बापाचं गिरणीचं ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, तिकीट नंबर लिहिलेली पगाराची चिठ्ठी. अर्जात कामगाराच्या नावाच्या रकान्यात ते बापाचं नाव लिहितात.